मशीन बिघडलेले नाही, साखर ओली आहे

रत्नागिरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या पाचव्या वाढदिवसासाठी त्यांनी घरगुती कॉटन कँडी मशीन मागवले. आले त्या दिवशी दोन काड्या सुरेख झाल्या. त्यानंतर मात्र साखरेचे दाणे बाहेर उडू लागले, करपल्याचा वास येऊ लागला आणि जे थोडे धागे निघतात ते मशीनच्या परातीलाच चिकटून बसतात. वाढदिवस ऑगस्टमध्ये, मुले वीस. मशीन परत करावे का, साखर कोणती घ्यावी, गुलाबी रंग कोणता वापरावा आणि आदल्या दिवशी करून ठेवले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मशीन परत करू नका. पहिल्या दोन काड्या चांगल्या झाल्या याचा अर्थ मोटर फिरते आहे आणि हीटर तापतो आहे. त्या दिवशी वाटी कोरी करकरीत होती आणि साखर नुकत्याच फोडलेल्या पिशवीतली होती. पुढच्या वेळी वाटीत आधीची साखर चिकटलेली होती, आणि डब्यातल्या साखरेने कोकणातली हवा चार दिवस पिऊन घेतली होती. लग्न-मुंजीत आणि वाढदिवसांना हा काउंटर लावण्यात माझी अठरा वर्षे गेली. त्यातली बहुतेक ठाणे, पालघर, अलिबाग या दमट पट्ट्यात. घरगुती मशीन घेतलेली माणसे तक्रार घेऊन येतात तेव्हा दहातल्या आठ वेळा कारण एकच निघते, पाणी. साखरेतले, हवेतले, नाहीतर धुतल्यावर वाटीत राहिलेले.

असे का होते ते एकदा समजून घ्या, म्हणजे बाकीचे माझे सांगणे पाठ करावे लागणार नाही. मशीनच्या मधोमध जी छोटी वाटी फिरते तिच्या खाली हीटर असतो आणि तिच्या कडेला बारीक भोके किंवा फट असते. आपण घातलेली साखर फिरण्याच्या जोराने कडेला जाऊन टेकते, तिथल्या उष्णतेने वितळते आणि त्या फटीतून बाहेर फेकली जाते. बाहेरच्या गार हवेत येताच तिचा रस क्षणात गोठतो. इतक्या घाईने गोठतो की पुन्हा दाणे जुळवायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून कापसाचा धागा ही दाणेदार साखर राहिलेली नसते, ती साखरेची काच असते. केसाहून बारीक आणि सगळीकडून हवेला उघडी. ही काच कोरडी असेल तर साठ-बासष्ट अंशांपर्यंत घट्ट राहते. पण तिने तीन-चार टक्के पाणी शोषले, की ती आपल्या घरातल्या साध्या तापमानालाच मऊ पडते, धागे एकमेकांना चिकटतात आणि कापूस खाली बसतो. पुढे त्यातच पुन्हा साखरेचे दाणे धरतात. तुम्ही परातीत जे पाहिलेत ते हेच.

आपल्याकडे याला म्हातारीचे केस म्हणतात. उन्हाळ्यात रुईची बोंडे फुटून वाऱ्यावर जी रेशमी म्हातारी उडते, लहानपणी आपण जिच्यामागे धावायचो, ती डोळ्यांपुढे आणा. तीही एक थेंब पडला की गपकन बसते. मला हे नाव फार आवडते, कारण पदार्थाचा स्वभावच त्यात आहे.

आता साखर. वाण्याकडे साखर साधारण दोन मापांत मिळते, बारीक दाण्याची एस आणि जाड दाण्याची एम. तुम्ही एम मागा. बारीक साखर वितळण्याआधीच फटीतून निसटते, आणि ते दाणे तोंडावर उडतात. पिठीसाखर तर अजिबात नको. ती उडते आणि उरलेली वाटीच्या कडेला बसून करपते. खडीसाखर चालते, पण खलबत्त्यात जाडसर कुटून, चाळणीने पिठूळ भाग काढून, एमच्या दाण्याएवढी करून. रंगीत ‘फ्लॉस शुगर’ म्हणून जी वेगळी मिळते तिच्यात साखर, रंग आणि सुगंध यांपलीकडे काही जादू नसते. फक्त दाणा एकसारखा आणि कोरडा असतो. तेवढे आपण घरी साधू शकतो.

गुळाचे काय, हे मला प्रत्येक कार्यात कुणीतरी विचारतेच. कोल्हापूरच्या एका आजींनी तर पाव किलो चिक्कीचा गूळ किसून आणून दिला होता. त्यांचा मान राखून मी एक चमचा घालून पाहिला. पुढचा अर्धा तास वाटी साफ करण्यात गेला. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. ती दोन्ही ओलावा ओढून घेतात आणि त्यातली फ्रुक्टोज तर साखरेच्या कितीतरी आधी करपते. शिवाय गुळात मुळातच पाणी असते आणि न विरघळणारा बारीक गाळ असतो. धागा येत नाही, फटी मात्र बुजतात. ब्राऊन शुगरचे आणि मधाचेही तेच. मधुमेहाच्या माणसासाठी स्टीव्हिया घालू पाहाल तर त्याचाही धागा होत नाही.

कडक गोळ्या घालता येतात का? तुमच्या मशीनच्या माहितीपत्रकात तसे लिहिले असेल तरच. लिहिले असेल तर लिमलेटच्या किंवा संत्र्याच्या साध्या पारदर्शक गोळ्या घ्या. आत गर भरलेल्या, दुधाच्या, चघळायच्या चालत नाहीत. दोन गोळ्या समोरासमोर ठेवायच्या, एकच ठेवलीत तर वाटीचा तोल जाऊन मशीन टेबलावर थरथरू लागते. मुलांना ही गंमत खूप आवडते, कारण कापसाला गोळीचाच स्वाद येतो.

साखर कोरडी करण्याची माझी पद्धत सांगते, ऑगस्टसाठी हीच उपयोगी पडेल. रुंद, पूर्ण कोरडी कढई अगदी मंद आचेवर ठेवायची, त्यात पाव किलो साखर पसरायची आणि दोन-तीन मिनिटे उलथन्याने हलवत राहायचे. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते आणि तिथेच करपायलाही लागते. आपल्याला त्याच्या जवळपासही जायचे नाही. हाताला चांगली गरम लागली आणि उलथन्यावरून वाळूसारखी सुळकन घसरली की गॅस बंद. ताटात पसरून गार करायची आणि लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायची. गरम असताना बरणीत भरलीत तर आत वाफ धरेल आणि केलेले सगळे फुकट जाईल. बरणीत एक-दोन सालासकट वेलदोडे टाकून ठेवले तर आठवड्याभरात साखरेला मंद वास लागतो. वेलचीची पूड मात्र कधीच घालू नका, तिचे कण फटीत अडकून जळतात. केशराच्या काड्यांचेही तसेच होते.

मशीन लावताना सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. साखर न घालता मशीन सुरू करा आणि पाच मिनिटे तसेच फिरू द्या. पत्रकात दोन-तीन मिनिटे लिहिलेली असतात, पण पावसाळ्यात मी पाच देते, कारण त्या वेळात वाटीतला ओलावाही उडून जातो. मग बटण बंद करा, वाटी पूर्ण थांबू द्या आणि सोबत आलेला चमचा सपाट भरून साखर मधोमध घाला. हा चमचा साधारण १० ते १५ ग्रॅमचा असतो. शीग लावून घालू नका. जास्त साखर घातली की वाटी एकदम गार पडते, निम्मी साखर न वितळता उडते आणि उरलेली खाली बसून करपते. तुमच्या दोन्ही तक्रारी इथेच जुळून येतात. साखर एका बाजूला पडली तरी मशीन हलते. तेव्हा बंद करून चमच्याच्या टोकाने सारखी करा, फिरत्या वाटीत काहीही घालू नका.

पुन्हा सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात परातीच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसू लागते. पहिले धागे दिसताच काडी घालू नका, दहा सेकंद थांबा, जाळे थोडे दाट होऊ द्या. काडी बांबूची घ्या. ओल्या फडक्याने एकदा पुसलेली असली की पहिला धागा लगेच धरते. इतक्या उपद्व्यापात पाण्याचा उपयोग होतो तो एवढाच. काडी उभी धरून परातीच्या कडेने एक फेरी मारा, धागे लागले की ती आडवी करून परातीच्या वर आणा आणि बोटांत फिरवत राहा. फिरवायची काडी, हात नाही. वर उचलून धरली की धागे सैल गुंडाळले जातात आणि कापूस फुलतो. परातीत खाली दाबून फिरवली तर त्याच साखरेचा दोरीसारखा घट्ट पिळा होतो. पहिल्या पाच-सहा काड्या वेड्यावाकड्याच होतील. माझ्या भावाला हात बसायला अख्खा एक लग्नाचा हंगाम लागला होता.

पंखा बंद ठेवा. छताचा पंखा चालू असला की धागे परातीतून उठून पडद्यांवर, केसांत आणि दिव्यावर जातात. ए.सी. असलेली खोली असेल तर फार बरे, कारण ए.सी. हवेतले पाणी काढतो. दार-खिडक्या लावून तासभर आधी सुरू करा आणि झोत मशीनवर येणार नाही असे टेबल ठेवा. स्वयंपाकघरात करू नका. तिथे कुकरची वाफ असते.

आदल्या दिवशी करून ठेवायचे का? ऑगस्टमध्ये, रत्नागिरीत, नको. एकदा जुलैतल्या एका साखरपुड्यासाठी मी दुपारी साठ पिशव्या भरून ठेवल्या, साध्या पातळ पिशव्या, तोंडाला रबर लावून. संध्याकाळी उघडल्या तर प्रत्येक पिशवीच्या तळाशी लिंबाएवढा चिकट गोळा. पाहुणे दारात आणि माझ्या हातात द्यायला काही नाही. त्या दिवसापासून पावसाळ्यात मी आगाऊ माल करत नाही. अगदीच करायचा तर त्याच दिवशी, ए.सी.च्या खोलीत, काडीवरून उतरवून लगेच जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या आणि त्यावर कागद घालून. असा कापूस काही तास टिकतो. डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरते.

हा पदार्थ डब्यात बंद करून विकण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हॉर्टन या दोघांनी १८९७ मध्ये हे विजेचे यंत्र बनवले. त्यातले मॉरिसन दातांचे डॉक्टर होते आणि व्हॉर्टन मिठाईवाले. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी ‘फेअरी फ्लॉस’ या नावाने हा कापूस खोक्यांत घालून विकला. २५ सेंटला एक याप्रमाणे ६८,६५५ खोकी गेली, आणि त्या वेळी प्रदर्शनाचे तिकीटच ५० सेंटचे होते. तुमच्या टेबलावरच्या छोट्या मशीनची कल्पना तीच आहे, तापलेली फिरती वाटी आणि तिच्या कडेची बारीक वाट.

आता रंगाचे. हे सगळ्यात काळजीपूर्वक वाचा, कारण खाणारी मुले पाच वर्षांची आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरीत आणि पाठोपाठ तमिळनाडूत कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी आली. तपासलेल्या नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी सापडले होते. मार्चमध्ये कर्नाटकने कॉटन कँडी आणि गोबी मंचुरियन यांत कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. ऱ्होडामाइन-बी हा कापड, कागद रंगवायचा रंग आहे, खाण्यात त्याला परवानगीच नाही. तो स्वस्त असतो, चिमटीभर रंगात ढीगभर साखर झगझगीत गुलाबी होते, म्हणून तो वापरला जातो. जत्रेत, चौपाटीवर घंटी वाजवत फिरणारी माणसे पोटासाठी दिवसभर चालतात. त्यांच्यातल्या अनेकांना पुडीतला रंग कुठला हे कुणी सांगितलेलेच नसते. त्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. पण सुटी, नाव नसलेली रंगाची पुडी माझ्या काउंटरवर येत नाही आणि तुमच्या घरातही येऊ नये.

परवानगी असलेला रंग वापरलात तरी त्याला मर्यादा आहे. एक किलो खाद्यपदार्थात जास्तीत जास्त १०० मिलीग्रॅम. तुमच्या पाव किलो साखरेला हे २५ मिलीग्रॅम झाले, म्हणजे चिमटीत धरवणारही नाही एवढे. आपण घरी ‘थोडासा’ म्हणून टाकतो तो बहुधा याहून जास्तच असतो. म्हणून माझा आग्रह पांढऱ्यासाठी आहे. पांढरा कापूस ढगासारखा दिसतो, आणि मुलांना एकदा ढग म्हणून हातात दिला की गुलाबी कुणी मागत नाही. हे मी शेकडो मुलांवर पाहिले आहे. मुलीला गुलाबीच हवा असेल तर काडीला गुलाबी कागद गुंडाळा, दिव्यावर गुलाबी जिलेटिन कागद लावा. बीटचा रस साखरेला लावायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. त्याने साखर ओली होते, आणि वाटीच्या उष्णतेत तो रंग टिकत नाही, तपकिरी पडतो.

तरीही रंग लावायचाच ठरला तर आवेष्टनावर रंगाचे नाव आणि परवाना क्रमांक छापलेला खाद्यरंगच घ्या, टूथपिकचे टोक बुडवून तेवढाच साखरेत चोळा आणि साखर वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा कोरडी करून घ्या. रंगीत साखर ओलसर असताना वाटीत गेली की गाठी होतात.

वीस मुलांचा हिशेब करू. एका काडीला १२ ग्रॅम धरले तर सगळ्यांना मिळून पाव किलोच्या आत साखर लागते. म्हणजे एका मुलाच्या पोटात अडीच-तीन चहाच्या चमच्यांएवढी साखर, साधारण ५० कॅलरी. केक आणि सरबतही असणार, तेव्हा एकाला एकच काडी पुरे. अडचण वेळेची आहे. बंद करा, साखर घाला, सुरू करा, गुंडाळा, यात घरगुती मशीनवर एका काडीला तीन मिनिटे जातात. वीस काड्या म्हणजे तास. सलग तासभर ही छोटी मशीन्स चालवू नयेत, मोटर तापते. वीस-पंचवीस मिनिटांनी पंधरा मिनिटे विश्रांती द्या. म्हणून आधी सात-आठ मुलांना द्या, मग खेळ, मग पुढची खेप. रांगेत वीस मुले एकदम उभी करू नका.

आणि ती रांग टेबलापासून हातभर लांब. वाटी आणि तिच्याखालचा हीटर इतका तापतो की बोट लागले तर फोड हमखास येतो, आणि वितळलेली साखर कातडीला चिकटते, झटकली जात नाही. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. मोकळे केस, ओढणी, पदर, फुग्यांच्या लोंबत्या दोऱ्या, सगळे दूर. परातीभोवतीचे पारदर्शक कडे काढून ठेवू नका. ते गरम दाणे अडवण्यासाठीच असते. मशीन थेट भिंतीतल्या प्लगला लावा. ज्या एक्स्टेंशन बोर्डावर आधीच दिव्यांच्या माळा आणि स्पीकर आहेत त्याच्यावर नको.

आणखी एक, कारण कोकणात घरोघरी कुणीतरी परदेशी असते. अमेरिकेतून आणलेले मशीन १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टला लावले तर हीटर जवळजवळ चौपट ताकद ओढतो आणि जळतो. ओळखीच्या एका घरी बारशाच्या दिवशी हे झाले. पिन बदलणारा छोटा अडॅप्टर विजेचा दाब कमी करत नाही, त्याला ट्रान्सफॉर्मरच लागतो. तुमच्या मशीनच्या बुडाशी चिकटवलेला कागद एकदा वाचून घ्या.

शेवटची काडी झाली की साखर न घालता मशीन तीन-चार मिनिटे फिरू द्या, वाटीतली उरलेली साखर निघून जाते. मग प्लग काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. परात आणि कडे सुटे करून कोमट पाण्यात बुडवा, घासायची गरज नाही, साखर आपोआप विरघळते. सुरीने, तारेच्या घासणीने खरवडू नका. खालचा मोटरचा भाग पाण्याखाली धरायचा नाही, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा. वाटी सुटी होत असेल तर गरम पाण्यात ठेवून फटी मोकळ्या करा, आणि नंतर रात्रभर उघडी वाळू द्या. तुमच्या वाटीत आत्ता करपलेली साखर आहे, तेव्हा सुरुवात इथूनच करा. टेबल, फरशी आणि भिंतीचा हातभर भाग त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसून घ्या. न दिसणारे धागे सगळीकडे बसलेले असतात आणि सकाळपर्यंत मुंग्यांना ते सापडतात.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी, बाहेर पाऊस असतानाच, पाच-सहा काड्या करून पाहा. पाऊस नसताना जमले तर त्यावर विसंबू नका. धाग्यात दाणे आले तर साखर कमी घाला आणि वाटी आणखी दोन मिनिटे तापवा. धागा पिवळसर दिसला तर वाटी अजून स्वच्छ झालेली नाही. आणि जे बसून गोळा होईल ते टाकून देऊ नका, ती साखरच आहे, लिंबाच्या सरबतात घाला.